मनीचा श्रावण

मंगळवार, संध्याकाळ

मनी आजही दूधभाताचा वास घेऊन मागे फिरली. कालही तसंच. आजारी आहे की रुसली? राहात्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला तपासून विचारलं, "खाण्यात काही बदललं का?" बदललं की! श्रावण लागल्यापासून सूनबाईने घरात सुकट बंद केली आहे. डॉक्टर म्हणाले, "मांजर फार उपाशी राहिलं की लिव्हर बिघडतं, बाई." पुण्य सूनबाईला आणि उपास मांजराला, हा कुठला न्याय? तडक बाजारातून सुकट आणली, मागच्या ओट्यावर भातात कालवली. मनीने वास घेतला. मागे फिरली नाही. सूनबाई नाकाला ओढणी लावून दारात उभी. आता भांडण, असं मला वाटलं. म्हणाली, "आई, अजून थोडी घाला. वाटी मात्र बाहेरच राहू द्या."