तीन व्हॅन आणि एक हुक

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार.

उद्या सकाळच्या गाडीनं सुधा तुम्हाला घेऊन येते आहे. परवा नागपूरहून तिचा फोन आला तेव्हा मी सवयीनं विचारून बसलो, "किती जण आहात? सामान किती?" आणि मग जीभ चावली. पार्सल ऑफिसात इतकी वर्षं काढली की माणसाला दुसरं काही विचारायला सुचतच नाही.

उद्या फलाटावर सुधा असेल, जावई असतील, घाटावर गुरुजी असतील. तिथे माझ्यानं बोलवणार नाही. आणि मला तुमच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे. म्हणून आज रजा टाकली आणि जेवण झाल्यावर तुमच्याच खिडकीशी बसून लिहितो आहे. खाली भोसले घाटाच्या पायऱ्यांवर ऊन आहे, नदी संथ आहे.

पण आधी थोडं भांडू द्या! जन्मभर तुम्ही महाराष्ट्रातल्या माणसांना स्टेशनवरून काशीत आणलंत. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा नागपूर? "गुडघ्याचं ऑपरेशन झालं की दिवाळीनंतर परत येतो. तोवर गाडी सांभाळ, विकू नकोस," म्हणाला होतात. दोन दिवाळ्या झाल्या, दादा. लोक मरायला इथे येतात आणि तुम्ही, मणिकर्णिका घरापासून चालत पाच मिनिटांवर असताना, मुलीकडे जाऊन डोळे मिटलेत. तुमच्या खोडकरपणाला शोभेल असंच केलंत.

मी या घरात भाडेकरू म्हणून आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. गावच्या शाळेत शिकलेला, हिंदी फक्त पुस्तकातली. स्टेशनवर तुम्ही भेटलात आणि म्हणालात, "नवीन बाबू का? मराठी आहेस ना? मग बस मागं. खोली पण आहे आणि वरण-भात पण." तुमच्या चार पिढ्या इथे पौरोहित्य करत आलेल्या, आणि तुम्ही एकट्यानं स्टिअरिंग धरलंत. कुणी विचारलं तर म्हणायचात, "मी माणसाला घाटापर्यंत सोडतो. पुढचा रस्ता गुरुजींना मालूम."

तुमची पहिली व्हॅन अजून डोळ्यांसमोर आहे. पांढरी, पावाच्या लादीसारखी. नाकच नाही! पुढची काच संपली की गाडी संपली. बारीक पट्टीसारखा लोखंडी बंपर, दोन साधे दिवे, बाजूची दारं कपाटासारखी सरकणारी. आत सगळा उघडा पत्रा, त्याला बाहेरचाच रंग. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे उन्हाळ्यात तुमच्या शेजारी बसणारा खालून भाजून निघायचा. थंडीत चोक ओढायचा, बाबा विश्वनाथाचं नाव घ्यायचं आणि किल्ली फिरवायची. "चोक एक वेळ विसर," तुम्ही म्हणायचात, "नाव नको विसरूस. नाव घेतल्याशिवाय ही उठत नाही."

त्याच गाडीत साताऱ्याकडच्या एक बाई वडिलांच्या अस्थी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या. खालून धग येत होती. खाली ठेवायचं नाही म्हणून कॅंट स्टेशनपासून मैदागिनच्या चौकापर्यंत त्यांनी ती कापडात बांधलेली लोटकी दोन्ही हातांनी वर धरली होती. गल्लीच्या तोंडाशी उतरल्या तेव्हा त्यांचे हात आखडले होते.

संध्याकाळी मी तुम्हाला सहज सांगितलं, "आमच्या गावी अस्थी जमिनीवर टेकवत नाहीत. घरातही आणत नाहीत. निघेपर्यंत वेशीबाहेरच्या पिंपळाला टांगून ठेवतात."

"आणि मी गाडीत पिंपळ कुठून आणू?" तुम्ही हसलात.

दुसऱ्या दिवशी गाडीत पितळी हुक होता! सरकत्या दाराच्या मागच्या खांबाला, दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेला. जुन्या देवघरातल्या घंटेचा. खाली इंजिन नाही, पायांचा स्पर्श नाही, आणि शेजारी बसणाऱ्याचा हात सहज पोचेल एवढ्या उंचीवर. मला म्हणालात, "हा घे तुझा पिंपळ."

त्यानंतर किती जण त्या हुकावरून गेले, दादा? कुणाची आई, कुणाचा तरणा मुलगा. तुम्ही गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेत नव्हता. मागून रिक्षावाले ओरडायचे, "का गुरु, बैलगाड़ी हाँकत हउवा?" तुम्ही खिडकीतून हात जोडायचात, बस.

दुसरी व्हॅन घेतलीत तेव्हा कंपनीनं तिचा चेहरा बदलला होता. दिवे नवीन, पुढची जाळी नवीन, बंपर जाड आणि प्लास्टिकचा. तुम्ही तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारलीत, देवळाला मारावी तशी. मग म्हणालात, "सदू, ही ब्यूटी पार्लरला जाऊन आली वाटतं." आत बसून गिअर टाकून पाहिलेत. चारच. सीटखाली हात घातलात. इंजिन तिथेच. चेहरा खुलला तुमचा! "तोंड धुतलंय फक्त. बाई तीच आहे." दारांना आतून रेक्झिन आलं होतं, पण मागचा खांब अजून उघडा होता. हुक तिथे गेला.

आणि मग तिसरी. ती मी तुमच्या गळ्यात मारली, हे मान्य आहे. दुसरीचा चोक थंडीत दगा द्यायला लागला होता. मी म्हणालो, "नवीन घ्या. यात चोक नाही, कार्ब्युरेटर नाही. किल्ली फिरवली की सुरू." तुम्ही विचारलंत, "आणि नाव कधी घ्यायचं?" तरी माझ्या शब्दाखातर घेतलीत.

तिच्यात आत कुठे पत्रा दिसतच नव्हता. छताला कापड, खांबांना राखाडी प्लास्टिक, सीटबेल्ट. रफीक मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये तुम्ही त्या खांबावर बोटं फिरवलीत आणि खिशातून हुक काढलात. मिस्त्री म्हणाले, "पंडितजी, ई पिलास्टिक में छेद करेंगे तो चटक जाएगा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आणि मी हसलो! म्हणालो, "दादा, नव्या गाडीत देवघरातला हुक कसा दिसेल? मागे डिकी आहे ना. लोक ठेवतील."

ते "लोक ठेवतील" मी कोणत्या तोंडानं बोललो? पिंपळाची गोष्ट सांगणारा मीच ना? पण तोवर मी मोठा बाबू झालो होतो, माझ्या हाताखाली माणसं होती, आणि गॅरेजमध्ये चार लोक ऐकत होते. हुक रुमालात गुंडाळलात आणि खिशात ठेवलात.

वर्षभरानं तुम्ही अस्थी घेऊन येणाऱ्यांना नाही म्हणायला लागलात. दर्शनाला येणारे चालतील, लग्नाचे चालतील, पण अस्थीवाल्यांना हात जोडून "दुसरी गाडी बघा." मी चिडायचो. "इतक्या लांबून येतात बिचारे, त्यांना नाही कशाला म्हणता?" तुमचं उत्तर ठरलेलं. "वय झालं रे. तू आपली पार्सलं बघ."

मला ते खरंच वयाचं वाटलं, दादा.

परवा फोन ठेवता ठेवता सुधानं विचारलं, "सदूकाका, गाडीत हुक आहे का?"

"कसला हुक?"

"बाबा शेवटच्या आठवड्यात सारखं तेच विचारत होते. म्हणाले, मला सदूच्या मांडीवर नको देऊस, त्याचे पण गुडघे गेलेत. हुक असेल तर बघ."

मग ती म्हणाली, "काका, बाबांनी तुम्हाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. पण आता सांगून टाकते."

तिसऱ्या गाडीचं पहिलंच वर्ष. कोल्हापूरकडचे एक म्हातारे गृहस्थ. बायकोच्या अस्थी घेऊन एकटेच आले होते. स्टेशनवर त्यांना गाडीपर्यंत पोचवायला मी गेलो होतो. हे सगळं मला आठवतं! निळी कापडी पिशवी होती, त्यांच्या छातीशी. मी "द्या काका, तुम्ही आरामात बसा" म्हणून ती घेतली आणि मागं स्टेपनीजवळ ठेवली, वर त्यांची वळकटी टाकली. पिशवी हलकी होती. तरी आत अस्थी आहेत हे मला कळलं नाही. मैदागिनला त्यांनी मागचं दार उघडून ती वळकटीखालून काढली, तेव्हा तुम्ही पाहिलंत. ते तुम्हाला म्हणाले, "तुमच्या रेल्वेतल्या माणसानं इतक्या मायेनं उचलली, की मला नको म्हणवेना."

तुम्ही घाटापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलात. पिशवीपुढे हात जोडलेत. माझ्या वाटणीची माफी तुम्ही मागितलीत. आणि घरी येऊन सुधाला म्हणालात, "सदूला कळता कामा नये. साधा माणूस आहे, त्याला अन्न गोड लागणार नाही."

दादा, का नाही बोललात? एकदा रागावला असतात! बारा वर्षं त्याच गाडीतून मी तुमच्याशेजारी बसून संध्याकाळी देवदर्शनाला जात होतो. तुम्ही आवडतं काम सोडून दिलंत, आणि मी तुमच्या वयाला नावं ठेवत राहिलो. कंपनीनं ती व्हॅन बनवणंच बंद केलं, तेव्हा पेपर बाजूला ठेवून तुम्ही म्हणालात, "चला, आता हिचा चेहरा तरी बदलणार नाही." मला तो विनोद वाटला होता.

काल मी गाडी घेऊन रफीक मिस्त्रींकडे गेलो. आता दाढी पूर्ण पांढरी झाली आहे त्यांची. तुमची बातमी सांगितली. त्यांनी फडक्याला हात पुसले. मग विचारलं, "हुक कहाँ है पंडितजी का?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांनीच पुढचा कप्पा उघडला. गाडीच्या कागदांखाली तुमचा रुमाल होता. आत हुक आणि दोन स्क्रू.

"उस दिन छेद करने को मना किया था मैंने," मिस्त्री म्हणाले, "खोलने को किसने मना किया था? आप लोग हँस के चल दिए." त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खांबावरचं ते राखाडी कव्हर उतरवलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खाली पांढरा पत्रा. तोच खांब, तीच घडी, पहिल्या व्हॅनमध्ये होती तशी. मी बघतच राहिलो.

मिस्त्री म्हणाले, "का बाबूजी, इतने साल में खाल ही तो बदली है. हड्डी वही है."

पहिल्या गाडीत होता त्याच उंचीवर त्यांनी हुक बसवला. मी त्याला पाण्याचा लोटा अडकवून मैदागिनपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या गिअरमध्ये. मागून शिव्या बसल्या. पाणी सांडलं नाही.

आता मागण्यासारखं काही उरलं नाही, फक्त शब्द द्यायचा आहे. ही गाडी मी विकणार नाही, तुम्ही सांगितलं होतं तसंच. रजेच्या दिवशी मी स्वतः चालवीन, आणि कुणी अस्थी घेऊन आला तर त्याला दुसरी गाडी बघायला सांगणार नाही. पिशवी त्याच्या हातातून काढून घेणार नाही. आधी विचारीन. कोल्हापूरच्या त्या काकूंसाठी उद्या तुमच्याबरोबरच एक ओंजळ पाणी सोडीन. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण गंगेला असेल.

उद्या गाडी यायच्या आधी मी फलाटावर असेन. चोक नसला तरी किल्ली फिरवण्याआधी नाव घेईन. सुधाच्या बॅगा डिकीत जातील.

तुम्ही हुकाला.

तुमचा,
सदू