चार वर्षं न भरलेला खड्डा

४ मे ८६, रविवार
शारूला कावीळ. माझ्या चुलतभावाची, बाळाची मुलगी. नऊ वर्षांची. सुट्टीत रोज सकाळी माझ्याकडे गणितं सोडवायला येते. काल बघतो तर डोळे पिवळेधम्मक. डॉक्टरांनी एकच विचारलं, पाणी कुठलं पिता? कुठलं म्हणजे? दोन घरांत मिळून एकच तर विहीर.
आणि त्या विहिरीपासून वीस फुटांवर बाळ्याने पर्यटकांच्या खोल्यांसाठी संडासाची टाकी बांधली! टेप लावून मोजलंय. गेल्या वर्षी घसा फोडून सांगितलं, ऐकलं नाही.

६ मे
बाळ्याला अंगणातच धरला. म्हटलं, तुझ्याच घाणीने तुझी पोर आडवी झाली.
"दादा, माजी टाकी पॅक आसा. मी सोता उभो रवून सिमीट घातलंय."
मग कावीळ काय आभाळातून पडली? त्याची बायको पडवीत रडत होती. तिथे थांबायला हवं होतं. नाही थांबलो.
माझा संडास बघा म्हणावं. विहिरीपासून साठ फूट, चढाला. वाडीतला पहिला. चार वर्षांत शोषखड्डा एकदाही उपसावा लागला नाही. वर्गातली मुलं आणून दाखवलाय.

८ मे
ग्रामपंचायत. ग्रामसेवक म्हणतो अर्ज द्या, टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, आली की विहिरीत टाकू. कधी येणार? "मागणी केलेली आहे." तोवर पोरीने काय करायचं? अर्ज टेबलावर आपटून आलो.
तसाच देवळात गेलो. एरवी मी तिकडे फिरकत नाही. गावकऱ्यांना म्हटलं, १८ ला सगळ्या गावासमोर देवाला गाऱ्हाणं घाला. बाळ्याला चार माणसांत "व्हय म्हाराजा" म्हणू दे.
शास्त्र सोडलेलं नाही. सावंतवाडीला मित्र रसायन शिकवतो, त्याच्याकडून रंगाची पूड मागवलीय. चिमूटभर पडली तरी पाणी हिरवंगार. बाळ्याच्या संडासात ओतायची आणि विहिरीवर नजर ठेवायची.

९ मे
ओतली. त्याच्यासमोर. "घाला" एवढंच बोलला.

१३ मे
चार दिवस कळशीमागून कळशी काढतोय. पाणी नितळ. पूडच भेसळीची, दुसरं काय!
मंदा म्हणते, "पूड वायट न्हय. तुमचो राग वायट." बायकोनेही बाळ्याचीच बाजू घ्यायची!
शारूला दवाखान्यात ठेवलंय. काही पोटात ठरत नाही. बाळा कपडे न्यायला आला होता. "आता तुमच्यात घालून बगा, दादा."
घालतो की! मला कसली भीती? उरलेली सगळी पूड ओतली, वर दहा बादल्या पाणी.

१४ मे
कळशी हिरवी.
परत काढली. परत हिरवी.
खड्डा भरत नव्हता म्हणजे चार वर्षं सगळं... खड्डा खणणारा पांडू तेव्हाच म्हणाला होता, "मास्तरानू, हय कातळाक भेग आसा. पाणी खंय जातला ता सांगाक येवचा नाय." मी म्हटलं, तू मला शास्त्र शिकवू नकोस. गाढव मी! मास्तर म्हणे!
मंदाने बघितलं. कळशी पालथी केली, राहाटाचा दोर सोडला आणि घरात नेऊन ठेवला. आता कोणी पाणी काढू शकत नाही. पिण्याचं पांडूच्या घरून आणते. संडासाला कुलूप घातलं.
बाळा नवराबायको दवाखान्यात. कोणी पाहिलेलं नाही.

१६ मे
बाळा आला. "रंग दिसलो?"
म्हटलं, बघतोय अजून.
थू माझ्या तोंडावर. राहाटाला दोर नाही हे त्याने पाहिलं. विचारलं नाही.

१८ मे, रविवार, सकाळ
शारूला जरा बरं. काल पेज घेतली. बाळा सांगत होता, "विचारता, दादा माजी गणितां कदी तपासतले." वही माझ्याच टेबलावर आहे. दोन आठवडे उघडली नाही.
बाळा अंगणात उभा. "चला दादा, उशीर होता." गाऱ्हाणं मी मागितलं, तेव्हा पुढे मलाच उभं करणार. दोषी समोर येवो म्हणून देवाला सांगतील, ज्या कोणाच्या घाणीन ह्या बावीचा पाणी नासला, तेका उजेडात हाड रे म्हाराजा! आणि सगळ्या गावाबरोबर मीही म्हणायचं, व्हय म्हाराजा.
पोटशूळ उठला म्हणून सांगावं? सांगितलंही मंदाला. तिने इस्त्रीचा सदरा दिला आणि त्यावर राहाटाचा दोर ठेवला. "ह्यो घेवन जावा. थंय विचारतीत, कित्याक सोडलात."
दोर पिशवीत घातलाय. बाळा पुन्हा हाक मारतोय.