वाडग्याकडे जाणारी वाट

१४ मार्च
पोचले एकदाची! खोपटं अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. शेगडी धूर करत नाही, खिडकी दक्षिणेला आहे, आणि फळीवर कुणीतरी क्रॅनबेरीच्या मुरंब्याच्या दोन बरण्या ठेवल्यात. बेचाळिसाव्या वर्षी प्रथमच मनासारखं काम मिळालंय. इथून तीन किलोमीटरवर जंगलात उंच कुंपणाचं वाडगं आहे. त्यात अकरा गाभण कॅरिबू, म्हणजे बर्फातली रानटी हरणं. पाडसं होऊन जरा मोठी होईपर्यंत त्यांना लांडग्यांपासून जपायचं, चारा घालायचा. या कळपात माद्या एवढ्याच उरल्यात. यंदा पाडसं जगली नाहीत, तर भोवतालचं जुनं जंगल लाकूड कंपनीला तोडायला मोकळं. तसं करारातच आहे.

दुकानात गार्नेट नावाच्या लाकूडतोड्याने पिठाची पिशवी माझ्यासमोर आपटली. म्हणाला, तुमच्या शिंगवाल्या बायांची बाळंतपणं उरकेपर्यंत आम्ही काय करवती चाटत बसायचं? मागचे दोघे खिदळले. मीही हसले. का हसले, ते कळत नाही.

१६ मार्च
गेली तीन वर्षं वाडगं सांभाळलं ते आईच्या चुलतभावाने, आल्फॉन्समामांनी. आज त्यांनी काम समजावलं. चाऱ्यासाठी आणलेली दगडफुलाची पोती दाखवली. गावातल्या बायकापोरांनी ते हाताने वेचलंय. मग म्हणाले, एका वाटेने दोनदा जायचं नाही. रोज नवी वाट, जुनीवर बर्फ पडू द्यायचं. मऊ बर्फात लांडगा पोटापर्यंत रुततो. तीच या माद्यांची भिंत. तू वाट मळवलीस की भिंतीला दार पाडलंस. तुमच्या कॉलेजात एवढं तर शिकवलं असेल ना, पोरी?

शिकवलं होतं. रागच आला थोडा. उद्या ते परत जातील.

२३ मार्च
रोज नव्या वाटेने पोती ओढायची म्हणजे चार तास जातात आणि नोंदी वेळेवर होत नाहीत. पूर्वी तेल शोधणाऱ्यांनी जंगलातून एक सरळ पट्टी कापली होती, ती थेट वाडग्याशी निघते. मामांनी माणसं लावून तिच्यावर झाडं आडवी पाडली होती. त्यातली सहा मी करवतीने कापून बाजूला केली. आता चाळीस मिनिटं लागतात.

रेडिओवर मामांना हे सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, एवढंच.

३१ मार्च
आठवडाभर पट्टीने गेले. रात्री वीतभर बर्फ पडलं होतं. सकाळी वाट कोरी असायला हवी होती. ती तुडवलेली होती. लांडगा नव्हे. बर्फावर चालायच्या जाळीच्या बुटांचे ठसे, डाव्याची कड तुटलेली. माझ्यासारखेच. वाडग्याकडे गेलेले, परतीचे नाहीत. मध्येच संपलेले, आजूबाजूला काही नाही.

कालच्या नोंदी पुन्हा तपासल्या. काल दुपारनंतर मी बाहेर पडले नव्हते. तसं लिहिलंय तरी.

२ एप्रिल
ठसे रोज साधारण दोनशे पावलं पुढे सरकतात. पट्टीवर कॅमेरा बसवला. भर दुपारचे फोटो, दर दहा सेकंदांनी एक. वाट रिकामी आहे. प्रत्येक फोटोत एक ठसा जास्त.

माद्या पलीकडच्या कुंपणाला अंग घासत उभ्या आहेत. चाऱ्याला तोंड लावलेलं नाही.

४ एप्रिल
एकीने गर्भ टाकला. अंगठ्याएवढी खुरं. आता गाभण दहाच.

मामांना सगळं सांगितलं.  म्हणाले, वाट मळवली की तिच्यावरून कुणीतरी येणारच. लांडगाच यावा, अशी तुझी अट होती का? येशील का मामा, म्हणून विचारलं. म्हणाले, इकडे वादळ आहे, हेलिकॉप्टर उडत नाही, आणि मी चालत आलो तर ती वाट आणखी कडक होईल. आता माझेही पाय तिला देऊ?

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

५ एप्रिल
दलदलीच्या बाजूची पाच झाडं तोडून पट्टीवर आडवी पाडली. हात सोलले.

६ एप्रिल
पाचही कापून बाजूला केलीत. मी केली होती तशीच, बुंधे डावीकडे.

पण एक गोष्ट: वाडग्याकडचे ठसे आज पुढे सरकले नाहीत. काल मी दलदलीत जिथे जिथे फिरले, तिथे ते आधी फिरून आलंय. म्हणजे ते आधी माझी ताजी वाट धरतं, मग जुनी.

७ एप्रिल
ठशांपासून वाडगं आता चारशे पावलांवर. दार उघडून माद्या सोडून द्याव्यात? कुंपणाभोवतीही रोज मीच फिरलेय. चारही बाजूंनी मळवलंय. त्या कुठूनही बाहेर पडल्या तरी माझ्या वाटेवर—

हे दुसऱ्या कुणी केलं नाही. गार्नेटने नाही, कंपनीने नाही.

८ एप्रिल, सकाळ
ठरलं. चारा आठ दिवसांचा टाकला. आता गोठलेल्या सरोवरावर जाते, उत्तरेला, वाडग्यापासून लांब. जमेल तितकी नवी वाट पाडायची, म्हणजे ते माझ्यामागे येईल. मामांना निरोप दिलाय. म्हणाले, थांबू नकोस. एवढंच.

दुपार
सरोवराच्या मध्ये. मागून येतंय. कर्र, कर्र. मी थांबले की थांबतं.

माद्यांच्या गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्यांचे संदेश अजून मिळताहेत. अकराही जिवंत. अकराही हलताहेत, चरत असाव्यात. देवा, चरू दे.

नंतर
पाय उचलवत नाहीत. चालले पाहिजे. वाडगं आता नऊ किलोमीटर—

मागचा आवाज बंद झाला. परत फिरलं की काय? तिकडे गेलं तर—

बघायलाच हवं.

वळून पाहिलं. कुणी नाही. ठशांची एकच रांग, माझी. दुसरी नाहीच. म्हणजे इतका वेळ माझ्याच ठशांत पाय ठेवून— आणि शेवटचा ठसा, मी उभी आहे तो, त्यात माझ्या बुटाशेजारी तसाच आणखी एक बूट—