डिस्कमध्ये अडकलेली ताई

आदरणीय दाजी,

तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार (ताईला जरा जास्त वाकून, का ते पुढे येईलच). गुडघे कसे आहेत? निवृत्तीनंतर दुपारची झोप नीट लागते ना, की ऑफिसातली खुर्ची घरी आणल्याशिवाय जमत नाही? इकडे आम्ही सगळे ठणठणीत. आजारी होता तो फक्त दुकानातला कॉम्प्युटर, आणि त्याचीच हकिगत सांगायला बसलोय. फोनवर सांगितली असती, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर आणि ताई शेजारी. म्हणून हा कागद.

तुमच्या निरोप समारंभाची डीव्हीडी पोचली. तिच्यात शेवटी ताईचं गाणं आहे हे कळल्यावर मी दुरुस्तीला आलेला पंखा हातातून खाली ठेवला (आणि पंखे दुरुस्त करून ज्याने संसार उभा केला तो माणूस हातातला पंखा सहसा कुणासाठी खाली ठेवत नाही). लग्न झाल्यापासून ताई स्वयंपाकघराबाहेर कधी गायली नाही, आणि आता वाचनालयवाले तिला कार्यक्रमात गायला बोलावतायत. तिने मला फोनवर बजावलं, "बाकीच्यांचं कौतुक घाल चुलीत. तुझा कान काय म्हणतो तेवढं सांग. तू हो म्हणालास तर महिनाअखेरीला होकार कळवते, नाहीतर पुन्हा म्हणून तोंड उघडायची नाही." माझ्या कानाचं तुम्हाला माहीतच आहे. बंद दाराआड फिरणाऱ्या पंख्याचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी जिन्यात उभा राहून सांगतो.

मोठ्या ऐटीत डिस्क आत सरकवली. आधी घूंऽऽ, मग थरथर, मग फडफड, आणि मग एकदम शांतता. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. माऊस टेबलभर फिरवला, आपटला, चुचकारला, बाण ढिम्म. समोर एक गिऱ्हाईक आपल्या अर्धवट बिलाकडे सुतकी चेहऱ्याने बघत उभं. बटण दाबून डिस्कही बाहेर येईना. शेवटी सौ.ने केसांतली पिन सरळ करून ड्राइव्हच्या बारक्या भोकात खुपसली, तेव्हा कुठे ताईची सुटका झाली.

मी तिथल्या तिथे निदान केलं : ड्राइव्हचं बेअरिंग गेलंय. तरी रीतसर कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं (त्याला आम्ही 'रीस्टार्ट' म्हणतो, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे तो एकच काढा). त्याने रीस्टार्ट केलं. बाण पळायला लागला. डिस्क घातली, बाण मेला. मग त्याने डबा उघडून केबल काढली, फुंकली, परत खोचली. बाण मेला. दुसरी केबल लावली. तेच. शेवटी माझ्या बेअरिंगच्या हट्टापायी कोरा करकरीत ड्राइव्ह बसवला. घूंऽऽ, थरथर, फडफड, शांतता. मी म्हणालो, "ह्याचंही बेअरिंग गेलंय." रीस्टार्टने नवा ड्राइव्ह सोडून माझ्याकडेच असं पाहिलं, की मलाच एकदा बंद करून चालू करावं असं त्याला वाटत असावं.

इकडे रोज संध्याकाळी ताईचा फोन. मशीन बिघडलंय असं खरं सांगून बघितलं, तर म्हणते, "तुझ्याकडे मशीन बिघडलंय आणि तुला दुरुस्त करता येत नाही? बहाणे नकोत रे. आवडलं नसेल तर सरळ सांग, मी नाही म्हणून कळवते." आता आली का पंचाईत!

मग सौ.ने पदर खोचला. (हे लक्षण चांगलं नसतं.) तिने नातीची बडबडगीतांची डिस्क ड्राइव्हमध्ये घातली, ती छान वाजली. मग तुमची डिस्क उजेडात धरून म्हणाली, "ह्यात दाजींचा हात दिसतोय." दाजी, तुमच्या घरी साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि छत्रीवर 'छत्री' लिहिलेलं असतं, त्याचं आम्हाला कौतुकच आहे. पण डिस्कवर तुम्ही फाइलीच्या जाड पुठ्ठ्याचा अर्धचंद्र कापून डिंकाने चिकटवलात, तोही एकाच बाजूला, वर लाल शाईत 'निवृत्ती समारंभ', खाली दोन रेघा, आणि एक कड सुटून फडफडतेय. सौ.ने मला विचारलं, "का हो, पंख्याच्या एकाच पात्याला पुठ्ठा चिकटवला तर काय होईल?"

ज्याचं आयुष्य पाती तोलण्यात गेलं, त्याला हे विचारलं! मी गिऱ्हाइकाकडे बघून खोकलो.

लेबल ओढू नका, खालचा भाग खराब होईल, असं रीस्टार्ट म्हणाला. मग मी मला येतं तेच केलं. सुटलेली कड चिकटवली, तुमच्या पुठ्ठ्यासमोरच्या रिकाम्या अर्ध्या भागावर आमच्या दुकानाचं लेबल लावलं, आणि डिस्क विणकामाच्या सुईवर लटकवून जड बाजू खाली यायची थांबेपर्यंत ते लेबल कातरत राहिलो. त्यामुळे डिस्कवर आता एकीकडे 'निवृत्ती समारंभ' आणि दुसरीकडे 'एक वर्षाची गॅरंटी' असं वाचायला मिळतं. राग मानू नये.

आत घातली. घूंऽऽ, आणि नुसतंच घूंऽऽ. बाण पळता राहिला. मी दुकानातले चालू पंखे झाडून सगळे बंद करायला लावले. तुमचं भाषण ऐकलं (साहेबांचे आभार दोनदा मानलेत), आणि मग ताई गायली. घामाघूम गिऱ्हाइकंसुद्धा हलली नाहीत. लगेच फोन करून सांगितलं, "छान झालंय, होकार कळव." तर म्हणते, "छान म्हणताना अडखळलास. काहीतरी गाळतोयस." आणि फोन ठेवला. (कान आमच्या घराण्यातच आहे.) होकार अजून कळवलेला नाही, म्हणजे आता सगळी भिस्त तुमच्यावर.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, त्याला लेबल लावायची गरज नाही.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : हे पत्र ताईला दाखवू नका. गाळलं ते असं : दुसऱ्या कडव्यात पहिल्या रांगेतून, माइकच्या अगदी शेजारून, एक टाळी सुरू होते. तालाच्या जराशी मागे. ती टाळी कुणाची हे मी डोळे मिटून सांगतो. ती सुरू झाली की ताईची लय खाली येते. ऐकणाऱ्याला वाटेल बाई चुकली. बाई चुकली नाही. चारचौघांत नवरा चुकलेला दिसू नये म्हणून तिने लय उतरवली. तेव्हा हात जोडून विनंती, वाचनालयात शेवटच्या रांगेत बसा आणि दोन्ही हातांनी तिची पर्स धरून ठेवा.

ता. क. २ : पाकीट चिकटवताना सौ.ने आठवण करून दिली, की तुमच्याकडे टपाल ताई फोडते. तर ताई, वाचलंसच. गाळलेलं ते एवढंच. बाकी गाणं माझ्या कानाला पटलंय, सगळंच्या सगळं. आजच होकार कळव. आणि पर्स जरा मोठी घे. दोन्ही हात गुंतायला हवेत.