सनाने दार आपटलं

शेलूबाजार, मंगळवार संध्याकाळ

दार अजून बंदच आहे. राहू दे.

सेरेब्रल पाल्सीच्या लेकरांना कशाने खरा फायदा होतो, याचा अभ्यास करणाऱ्या मॅडमनी माझ्या सनालाच विचारलं होतं, तुला काय जमायला हवं? मी ‘चालणं’ म्हणणार, तोवर पोरगी म्हणाली, “मले दार आपटायचं. सारे रागात आपटतात.”

मी हसले. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, नुसते हातपाय ताणण्यापेक्षा लेकराला हवं तेच करून घेतलेलं जास्त कामी येतं. आणि खरंच, व्यायामात दारच घेतलं. काय बाई आहे!

आज मोबाइल काढून घेतला तशी सना चिडली, चाकाची खुर्ची वळवून खोलीत गेली आणि धाडकन दार! कडीसुद्धा वाजली. रागवायला पाहिजे होतं ना मी? बाहेरून ओरडले, “अजून एकदा!”

आतून आवाज आला, “आता नाई, अम्मी. मी रागात हाय.”