ईराचे गुरुवार

२ नोव्हें., रवि.
ईरा डिस्क्वालिफाय. स्कीवरची उडी उत्तम होती, मुलींमध्ये दुसरी. बर्फ अजून नाही, टेकडीवर प्लास्टिकच्या चटया. खाली उतरल्यावर सूट-बुटासकट वजन केलं. उंची आणि वजन मिळून स्कीची लांबी ठरते. त्या हिशेबात तिची स्की चार सेंटिमीटर लांब निघाली. उन्हाळ्यात हीच स्की बरोबर होती. स्की वाढली नाही, पोर कमी झाली.
ट्रेनर उली मला बाजूला घेऊन म्हणाला, "आल्झो, प्रकाश. नाताळपर्यंत अडीच किलो वाढायला हवेत. नाहीतर छोटी स्की देणार, आणि छोट्या स्कीवर निवड विसरा."
निवडीची स्पर्धा १० जाने. त्यातून ज्युनियर वर्ल्ड्सला तिघी जाणार.
तिला इंटरनाटवर, क्रीडाशाळेच्या वसतिगृहात, सोडून परत घरी, नेकारसुल्मला. अडीच तास. गाडीत ती एकच वाक्य बोलली, भूक नाही म्हणून.

३ नोव्हें.
अनघाला जाऊन आठ महिने झाले. ईराचं खाणं, सामान, चाचण्या सगळं आई म्हणून तीच बघायची. मी गाडी चालवायचो.
संध्याकाळी एक्सेल केलं. रोजच्या कॅलरी, दर रविवारी वजन. माझं कामच मापं घेण्याचं आहे. हे जमायला हवं.

९ नोव्हें., रवि.
वजन तेवढंच. प्रोटीन पावडर पाठवली. बदाम, खजूर, तूप पाठवलं. ई. म्हणते सगळं खाते. खोटं बोलत नाही ती. मग जातं कुठे?

१४ नोव्हें., शुक्र.
माई आल्या. अ.च्या आई. सांगलीहून मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, एकट्या, वय त्र्याहत्तर. व्हिसा नव्वद दिवसांचा. मी बोलावलं नव्हतं. फोनवर वजनाचं बोलून गेलो होतो तेवढंच.
घरी येताना आउटोबानवर विचारलं त्यांनी, ही नक्की करते काय. सांगितलं: आधी उंचावरून उडी, मग त्याच दिवशी पाच किलोमीटर स्कीवर पळायचं. उडीत जी पहिली ती आधी सुटते, बाकीच्या मागून. एक गुण म्हणजे चार सेकंद. शेवटी जी आधी पोचेल ती जिंकली.
माई: "म्हणजे आधी जीव टांगायचा आणि उरला तर पळायचं."
मी हो म्हटलं.
घरात आल्यावर अ.च्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी चहा ठेवला.

१९ नोव्हें., बुध.
ई. घरी आली. उद्या सकाळी डॉक्टरची टेर्मिन, रक्त तपासायचं आहे, उलीने सांगितलंय. माईंना पाहून रडली नाही, पण त्यांच्या खोलीतच झोपायला गेली.

२० नोव्हें., गुरु.
सविस्तर लिहून ठेवतो.
रक्त ठीक. दवाखान्यातून आल्यावर माईंनी थालीपिठं केली, लोण्यासकट. ई. म्हणाली नको. दुपारी भात, नको. फक्त दूध आणि केळं. चार वाजता पळायला गेली, दीड तास. मी रागावलो. ती वर गेली. माई नुसत्या बघत होत्या.
सूर्य बुडाल्यावर स्वतः खाली आली आणि वरण-भात जेवली. माईंनी तिच्या पानात तूप वाढलं आणि विचारलं,
"कधीपासून करतेस?"
ती: "झाइट मेर्त्स." मार्चपासून.
मला तेव्हाही कळलं नाही. माईंनी सांगितलं, "प्रकाशराव, अनघाचे गुरुवार धरलेत हिने."
अ.चे गुरुवार मला ठाऊक होते. ई. नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा उडाली, तेव्हापासून अ. दर गुरुवारी दिवसभर उपास करायची. पोर नीट खाली उतरू दे म्हणून. तिच्याबरोबर ते संपले असं मी धरून चाललो होतो.
इंटरनाटवर गुरुवारी दोन वेळा ट्रेनिंग असतं. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस. आठ महिने ती तो रिकाम्या पोटी करते आहे. शुक्रवारी अंगात काही उरत नाही, म्हणून जेवणही जात नाही. माझ्या एक्सेलमध्ये आठवड्याची बेरीज होती. वार पाहिलेच नाहीत.

२१ नोव्हें., शुक्र.
परत सोडायला गेलो. गाडीत सांगितलं, बंद कर. ती जर्मनमध्ये बोलते, मी मराठीत लिहितो:
"आठ वर्षं मम्मा करत होती. मी एकदाही पडले नाही. आता मी थांबवलं आणि पडले तर?"
मी इंजिनियर आहे. याला उत्तर असायला हवं होतं. गाडी चालवत राहिलो.
इंटरनाटच्या दारात म्हणाली, "उलीला सांगू नकोस."

२३ नोव्हें.
उलीला सांगितलं नाही. वजन २०० ग्रॅमने कमी.

२७ नोव्हें., गुरु.
आज दिवसभर घड्याळाकडे लक्ष. आता पहिलं ट्रेनिंग, आता दुसरं. माईंनी आज स्वतः उपास केला. म्हणाल्या, मी करते, तिला फोन करून सांगा तू सोड. फोन केला. ई.: "नाइन, आजी. तो तुझा, हा माझा." हे मराठीत म्हणाली, 'नाइन' म्हणजे नाही, तेवढं सोडून.
माई फोन ठेवून म्हणाल्या, "हट्टी आहे. आईवर गेली आहे." मग हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा.

३० नोव्हें., रवि.
माईंनी तोडगा काढला. ई.ला व्हिडिओवर बसवून सांगितलं. शब्द जवळपास असेच:
"हे बघ ईरे. व्रत मधेच सोडलं तर तुला भीती वाटणार, बरोबर आहे तुझं. पण व्रत जन्मभर ओढायचं नसतं. त्याचं उद्यापन असतं. अनघाला ते करायला वेळ मिळाला नाही. ते राहिलंय. तू आणि मी मिळून करू. मग तिचं पूर्ण झालं."
ई.: "आणि नंतर?"
"नंतर जेवायचं."
ई. म्हणाली, "गेनाऊ?"
म्हणजे नक्की? माईंना हा शब्द आता येतो. "गेनाऊ," त्या म्हणाल्या.
ठरलं. १८ डिसें., मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. मधले दोन गुरुवारही ई. करणारच, तिथे तडजोड नाही. पण बाकीचे सहा दिवस माई म्हणतील ते खायचं, हे कबूल करून घेतलं. उलीला सगळं सांगायचं, हेही.

१ डिसें.
पुण्याहून ताईचा फोन. माझी मोठी बहीण. वर्ष व्हायच्या आत घरात उद्यापन करतात का, लोक काय म्हणतील. मी फोन माईंकडे दिला.
माई: "अहो ताई, मुलगी माझी गेलीये. मी सांगते ते शास्त्र."
ताईने मग पुरणात जायफळ किती घालायचं ते सांगितलं.

३ डिसें.
उलीला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तर म्हणाला, त्याची आई लेंटमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपासात, चाळीस दिवस साखर सोडायची, तो पहिल्यांदा मोठ्या टेकडीवर गेला त्या वर्षापासून. गुरुवारचं जड ट्रेनिंग त्याने तेवढ्यापुरतं बुधवारी घेतलं. अंतिम तारीखही नाताळऐवजी ६ जाने. केली.
डिंकाचे लाडू तयार. चाळीस. उलीसाठी वेगळे पाच.

१४ डिसें., रवि.
वजन +७००. पहिल्यांदा वर.

१८ डिसें., गुरु.
उद्यापन झालं. इंटरनाटच्या स्वयंपाकघरात. माई पहाटे पाचला उठून पुरण शिजवून तयार. रस्त्यात बर्फ. पातेलं मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून.
सात कुमारिका हव्या होत्या. संघात ई. सोडून पाच मुली, सहावी तिची खोलीतली मैत्रीण, सातवी हाउसमाइस्टरची, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्याची, लेक, वय सहा. ती सगळ्यात गंभीर होती. आत ज्योत लावायला बंदी, अलार्म वाजतो. म्हणून निरांजन बाल्कनीत, बर्फात लावलं. वाऱ्याने दोनदा विझलं. मुलींनी चारी बाजूंनी उभं राहून अडोसा केला.
हळदीकुंकू, फूल, केळं. मग पुरणपोळी. मुलींनी पोळीवर सफरचंदाचा मुरंबा घातला, पॅनकेकवर घालतात तसा. माई: "अगं, तूप! तूप घ्या गं!" मग स्वतः मुरंबा लावून पाहिला. म्हणाल्या, "वाईट नाही. पण सांगू नका कुणाला."
शेवटी ई.ला वाढलं. दुपारी, लख्ख उजेडात. नऊ महिन्यांत गुरुवारचं दुपारचं पहिलं जेवण. पहिला घास घेतला आणि मग रडली. त्या सहा वर्षांच्या मुलीने तिला आपलं केळं दिलं. माई पोळ्या वाढत राहिल्या, थांबल्या नाहीत.
मी गाडीत जाऊन बसलो थोडा वेळ.
ई. साडेतीन पोळ्या जेवली.

२६ डिसें.
काल गुरुवार. तीन वेळा जेवली. फोटो पाठवले, मी मागितले नव्हते. आज टेकडीवर गेली, सहा उड्या, सगळ्या उभ्या राहून. तिने मेसेज केला: निश्त्स पासिएर्ट. काही झालं नाही.
तो मेसेज माईंना वाचून दाखवला. दोनदा.

६ जाने., मंगळ.
+२ किलो ६००. उलीने स्की तशीच ठेवली. मला मिठी मारली. मला सवय नाही.

१० जाने., शनि.
जिंकली.
क्रमाने लिहितो. उणे नऊ. माईंच्या अंगावर चार स्वेटर, माझं जॅकेट, माकडटोपी. उडी सकाळी दहाला. ई. तिसरी. मग तपासणीचा तंबू. मी बाहेर. सहा मिनिटं लागली. वजन, सूट, स्की. बाहेर आली, अंगठा वर. चारशे ग्रॅम राखून.
पहिलीपेक्षा तेरा गुण मागे, म्हणजे बावन्न सेकंद. शर्यत दीडला. तीन किलोमीटरला दुसरीला गाठलं. शेवटच्या चढावर पहिली दिसत होती, लाल टोपी, दमलेली. सगळे "हॉप हॉप हॉप" ओरडत होते.
माई: "हॉप हॉप काय, ससा आहे का ती! पळ, ईरे, पळ!"
चढ संपता संपता मागे टाकलं. दोन सेकंदांनी जिंकली. रेषेपलीकडे आडवी पडली बर्फात. मला वाटलं काही झालं. उठून बसली आणि म्हणाली, "बाबा, हुंगर!" भूक.
डबा दिला. तिथेच बर्फात बसून लाडू खाल्ला, पाठीवर नंबर तसाच. उलीने दोन मागितले.
मीही ओरडलो होतो म्हणे. माई सांगतात. घसा बसलाय, म्हणजे खरं असेल.

१३ जाने.
यादी आली. तिघींत पहिलं नाव. आमचं आडनाव एका अक्षराने चुकवलंय. चालेल.

१५ जाने., गुरु.
संघाचा फॉर्म भरला. आईचं नाव: लिहिलं. आईचा फोन: तो नंबर मी अजून चालू ठेवलाय. बोटं आपोआप लिहू लागली. खोडून माईंचा घातला, सांगलीचा. ई.ला विचारलं चालेल का. "या," म्हणाली, म्हणजे हो.

८ फेब्रु., रवि.
माई गेल्या. विमानतळावर मी वाकलो, तर म्हणाल्या, "पुरे. पोळ्या शिकलात ना?" शिकलोय. गोल होत नाहीत.
घर रिकामं. पण मार्चसारखं नाही.

२८ फेब्रु., शनि.
ज्युनियर वर्ल्ड्स. स्टेडियमच्या कठड्याला वही टेकवून लिहितोय, हात गारठलेत.
उडी झाली. ९८ मीटर, तिची आजवरची सगळ्यात लांब. उतरताना डावा पाय जरा हलला, सावरला. तपासणी पास. चौथी. पहिली नॉर्वेची, एकेचाळीस सेकंद पुढे. मध्ये एक जपानची, एक ऑस्ट्रियाची.
उलीने स्की घासून ठेवल्यात. बर्फ ओला होत चाललाय, कुठलं वॅक्स यावर तो आणि दुसरा ट्रेनर भांडतायत. ई. सायकलवर पाय मोकळे करते आहे. माझ्याकडे पाहिलं, हसली नाही, मान हलवली. तयार आहे.
माईंचा फोन आला. सांगलीत संध्याकाळ व्हायला आलीय, शेजारच्या सगळ्या बायका मोबाईलसमोर बसल्यात.
"पुढे किती आहेत?"
"तिघी."
"फार आहेत का हो?"
"नाही, माई. फार नाहीत."
दीडला सुटतील. एक वाजून चोवीस. तिला रेषेवर बोलावताहेत.