माय काय बोलायची, तुम्ही काय लिहिलंत

नाना, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग परवापरवापर्यंत चांगला धडधाकट होता. राग त्या एका दुपारचा. मास्तर म्हणून तुम्हाला जनगणनेचं काम लागलं होतं. गल्लीतली घरं संपवून तुम्ही आपल्याच स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, मांडीवर फॉर्म, आणि माय भाकरी थापते आहे. मातृभाषेच्या रकान्यात तुम्ही न विचारताच मराठी लिहिता. "मी ते अहिराणी बोलस ना? तेच लिखा," माय म्हणते. "अगं, ती मराठीच. उगाच घोळ नको," तुम्ही म्हणालात. माय तव्याकडे वळली. तिची भाकरी कधी करपत नसे, ती त्या दिवशी करपली. आम्हा पोरांना तर तुम्ही अहिराणीचा शब्द काढू देत नव्हता. मला तिची बाजू घ्यायची होती, पण तुमच्या हाताची भीती वाटायची.

इथे सिंगापूरला मी आकडेवारीचं काम करतो. गेल्या वर्षी नेदरलँड्सचं एक काम आलं. तिथल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दर आठवड्याला फोन करून विचारपूस करायची, तर कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे आम्ही ठरवायचं. मला वाटायचं, तिथे सगळे डचच बोलत असणार. यादीत निघाल्या फ्रिजियन, लिम्बुर्गी, बाहेरून आलेल्यांची तुर्की, मोरोक्कोतली बर्बर. आणि सरनामी. आपल्या देशातून सुरिनामला मजुरीला गेलेल्यांची ही भाषा, त्यांच्या वंशजांबरोबर नेदरलँड्सला पोचलेली. शेजारची चिनी सहकारी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "धिस वन इंडियन लाह, यू डिसाइड." मी ठरवलं. सगळे सरनामीवाले हिंदीत टाकले आणि जेवायला गेलो.

दोन महिन्यांनी फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी आल्या. एका आजींनी सांगितलं होतं, फोनवरची मुलगी फार गोड बोलते, पण तिच्याशी बोलताना ओढणी सारखी करून बसावं लागतं. कुठे दुखतंय ते तिच्या हिंदीत सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मेट्रोत माझं क्लेमेंटीचं स्टेशन मागे गेलेलं मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली. सरनामीचा रकाना वेगळा झाला, आजींना सरनामी बोलणारी बाई मिळाली. तुम्ही दुष्ट नव्हता, नाना. काम उरकत होता, माझ्यासारखंच. राग गेला तो असा.

हे पत्र टेबलाच्या खणात राहील, म्हणून पुढचंही लिहितो. माय धुळ्याला माझ्या भावाकडे असते. दर रविवारी फोनवर मी माझ्या पुणेरी मराठीत तब्येत विचारतो आणि ती जपून जपून "छान आहे" म्हणते. वीस वर्षं ती छानच आहे. या रविवारी तिच्या भाषेत विचारायचं ठरवून फोन लावला. तिचा आवाज आला, आणि मी मराठीतच विचारलं. लाज वाटली मला, नाना, माझ्याच आईशी तिच्या भाषेत बोलायची.